शीतखोल्यांच्या तापमान प्रकल्पाच्या नोंदी: नल, अनडिफाइन्ड आणि खरं शून्य

३ फेब्रुवारी, सोमवार

फ्रीझरच्या खोलीचं कालचं कमाल तापमान स्क्रीनवर ०.० अंश दिसतंय. ही खोली उणे १८ वर चालते. ती खरोखर शून्यापर्यंत चढली असती तर दार उघडताच कळलं असतं आणि आतला माल फेकावा लागला असता. तसं काही झालेलं नाही. दर पाच मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला २८८ वाचनं येतात. कालची सगळी उतरवून घेतली आणि एकेक करून बघितली. सर्वांत वरचं वाचन उणे १७.२. शून्य कुठेच नाही.

मात्र पहाटे १:४० पासून २:०० पर्यंतच्या पाच नोंदींत आकड्याच्या जागी नल, म्हणजे ‘इथे मूल्य नाही’ अशी खूण, आहे. त्या वेळात सेन्सरची बॅटरी बदलली जात होती.

कमाल काढणारा आमचा कोड दिवसभराची वाचनं जशीच्या तशी मॅथ.मॅक्स या सर्वांत मोठा आकडा शोधणाऱ्या फंक्शनच्या हवाली करतो. जावास्क्रिप्टमध्ये नलचा आकडा करायला गेलं की शून्य होतं. सगळे उणे आकडे असलेल्या रांगेत एक शून्य शिरलं की तेच सगळ्यांत मोठं. इतकं साधं कारण.

मग लशींची खोली उघडली. तिथे २ ते ८ अंशांच्या मध्ये राहायचं असतं. तिथे हेच शून्य खालच्या बाजूने घुसतं, कारण किमान काढताना तेच सगळ्यांत लहान ठरतं. गेल्या आठवड्यात त्या खोलीचं किमान ०.० दिसलं होतं आणि ‘सेन्सरचा झटका’ अशी नोंद करून विषय मिटवला होता. काही लशी गोठल्या की वाया जातात, म्हणून शून्याचा आकडा तिथे हलक्यात घेण्यासारखा नाही. मी तेव्हाच खोदायला हवं होतं.

सरासरीचं काय होतं ते कागदावर मांडून बघितलं. समजा २८८ पैकी ९६ वाचनं नल आहेत, म्हणजे आठ तास काहीच आलं नाही. उरलेल्या १९२ वाचनांची सरासरी ८.७, म्हणजे खोली मर्यादेबाहेर. आमचा कोड बेरीज करताना नलला शून्य धरतो आणि भागताना २८८ ने भागतो. उत्तर येतं ५.८. हिरव्या पट्ट्याच्या अगदी आत. या आकड्याने माझ्या पोटात गोळा आला. कमाल-किमानाची चूक डोळ्यांत भरते, ही भरत नाही. ५.८ बघून कुणीही मान डोलावेल.

नल गाळून टाकायचा एका ओळीचा बदल लगेच करता आला असता. केला नाही. पाच नल गाळणं आणि ९६ नल गाळणं ही एकच गोष्ट नव्हे, आणि हे नल कुठून येतात तेही मला अजून माहीत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज गजराचा कोड. फ्रीझरसाठी नियम असा आहे: तापमान उणे १५ पेक्षा जास्त झालं की गजर वाजवा. प्रश्न इतकाच होता की वाचन नसेल तेव्हा हा नियम काय करतो.

नल आला तर त्याचा शून्य होतो, शून्य उणे १५ पेक्षा मोठं, गजर वाजतो. अनडिफाइन्ड, म्हणजे मूल्य कधी दिलंच गेलं नाही अशी खूण, आलं तर त्याचा आकडा होत नाही, नॅन (‘हा आकडा नाही’) होतो. नॅनशी लहान-मोठं अशी कोणतीही तुलना केली तरी उत्तर ‘नाही’ येतं. गजर गप्प.

म्हणजे घडलेली गोष्ट एकच, खोलीचं तापमान कळलं नाही. पण ते ‘न कळणं’ कोणत्या रूपात पोहोचलं यावर रात्री कुणाची झोपमोड होणार की कुणालाच काही कळणार नाही हे ठरतं. खोटा गजर त्रासाचा असतो, तरी माणूस जाऊन बघतो. गप्प बसलेल्या गजराकडे कुणी बघत नाही.

तुलनांचे नियम नीट बसवून घेतले, कारण माझ्याही डोक्यात ते अर्धवट होते. नल >= ० हे खरं. नल > ० हे खोटं. मग वाटतं की नल == ० खरं असणार, पण तेही खोटं. लहान-मोठं ठरवताना भाषा दोन्ही बाजूंचे आकडे करते. दुहेरी बरोबरचा (==) नियम वेगळा आहे: नल फक्त नलच्या आणि अनडिफाइन्डच्या बरोबरीचा, बाकी कुणाच्याही नाही. तिहेरी बरोबर (===) लावलं तर तेवढंही नातं उरत नाही, नल आणि अनडिफाइन्ड वेगळे.

एरवी आम्ही सगळीकडे तिहेरी बरोबरच वापरतो. ‘दोन्हींपैकी काहीही असलं तरी’ असं मुद्दाम म्हणायचं असेल तिथे == नल लिहायचं, असं आज ठरलं. एवढी एकच सवलत.

५ फेब्रुवारी, बुधवार

आजचा शोध मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

डेटाबेसमध्ये फ्रीझरची एक ओळ सापडली: उणे १७.९, मग ०.३, मग उणे १८.०. पाच मिनिटांत अठरा अंश वर आणि पुढच्या पाच मिनिटांत परत खाली, असं कुठलीही खोली करत नाही. आणखी शोधलं. त्याच खोलीत महिनाभरात अशा अकरा नोंदी, आणि सगळ्या नेमक्या ०.३. दुसऱ्या एका खोलीत असेच आगंतुक आकडे, पण तिथे प्रत्येक वेळी उणे ०.२.

सेन्सरचा आकडा इतक्या वेळा दशांशापर्यंत सारखा येत नाही. ०.३ कुठे पाहिलंय ते आठवेना, आणि मग कॅलिब्रेशनची, म्हणजे प्रत्येक सेन्सरच्या ठरावीक चुकीच्या दुरुस्तीची, फाईल उघडली. पहिल्या खोलीच्या सेन्सरची दुरुस्ती अधिक ०.३. दुसऱ्याची उणे ०.२.

गेटवे, म्हणजे सेन्सर आणि सर्व्हर यांच्यामधलं उपकरण, सेन्सरच्या कच्च्या आकड्यात ही दुरुस्ती मिळवतो आणि सर्व्हरला पाठवतो. कच्चा आकडा नल असला तर नल अधिक ०.३ बरोबर ०.३. एक खणखणीत, दिसायला खरं वाटणारं तापमान तयार. तिथून पुढे कुठलीही तपासणी त्याला अडवणार नाही, कारण तो आकडाच आहे.

कच्चा आकडा अनडिफाइन्ड असला तर? बेरजेचं उत्तर नॅन. पण जेसनमध्ये, म्हणजे डेटा ज्या मजकुराच्या रूपात पाठवला जातो त्यात, नॅनला जागाच नाही. जेसन.स्ट्रिंगिफाय त्याचा नल करतं. म्हणजे सोमवारी जे पाच नल मला दिसले ते निघताना नल नव्हतेच. बॅटरी काढल्यामुळे सेन्सर गप्प होता, आकड्याचं ते फील्ड (रकाना) आलंच नाही, म्हणून अनडिफाइन्ड, त्याचं नॅन, नॅनचा नल. आणि जे खरोखर नल म्हणून निघाले, ‘मी वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही’ असं सेन्सरने स्वतः कळवलं, ते ०.३ होऊन पोहोचले.

तिसरा प्रकारही याच वाटेवर आहे. दोन खोल्यांत जुना गेटवे आहे, तो दुरुस्ती मिळवत नाही. तिथे अनडिफाइन्ड तसंच राहतं, आणि ऑब्जेक्टमधलं अनडिफाइन्ड फील्ड जेसन करताना गळून पडतं. सर्व्हरवर ते फील्ड नसतंच, वाचायला गेलं की पुन्हा अनडिफाइन्ड. काल लिहिलेला गप्प गजर या दोन खोल्यांचा.

एका आठवड्यात हे कळलं याचं समाधान आहे. पण महिनाभर ०.३ हे तापमान म्हणून साठत गेलं, त्यावरून अहवाल निघाले, याचं वाईट वाटतं.

गेटवेचे कच्चे लॉग ३० दिवसांचे आहेत. तेवढ्यांची तपासणी करून खऱ्या-खोट्याचा निवाडा करता येईल. त्याआधीच्या नोंदींचं काय करायचं ते ठरवायचं आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतला कोड, लिहिणाऱ्या सहकाऱ्याबरोबर दोन तास बसले. त्याला विचारलं, “अरे, सेन्सर वाचता आला नाही तर तू नेमकं काय पाठवतोस?”

तो म्हणाला, “आता नल. पूर्वी उणे १२७ पाठवायचो. लायब्ररीच तसं देते.”

सेन्सर डीएस१८बी२० आहे. त्याचा पल्ला उणे ५५ ते अधिक १२५ अंश. तुटलेल्या सेन्सरसाठी लायब्ररीने, म्हणजे सेन्सर वाचायच्या तयार कोडने, उणे १२७ हा आकडा राखून ठेवलाय, पल्ल्याच्या बाहेरचा. तो दिसला की निदान हे तापमान नाही एवढं तरी कळतं.

“आणि ८५?” मी विचारलं, कारण जुन्या नोंदींत दोन-तीनदा ८५ दिसलं होतं.

“अगं, ते तर तापमानच नव्हे. सेन्सरला वीज मिळाली की त्याच्या पोटात आधी ८५ असतं. मोजमाप पुरं व्हायच्या आत वाचलंस तर तेच हातात येतं.”

१२ बिटांच्या अचूकतेला मोजायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत लागतात, तेवढं थांबायला हवं. माहितीपत्रकात हे छापलेलं आहे. ८५ हा आकडा पल्ल्याच्या आतला आहे, म्हणून तो जास्त घातक. आमच्या शीतखोलीत ८५ येणं अशक्य, म्हणून आम्ही वाचलो. हाच सेन्सर गरम पाण्याच्या टाकीत बसवला असता तर ८५ कुणाला खटकलंही नसतं.

‘नाही’ सांगण्यासाठी एखादा आकडा राखून ठेवणं फार जुनी पद्धत आहे, आणि तिचा धोकाही हाच: तो आकडा कधी ना कधी बेरजेत शिरतो. नल त्यापेक्षा बरा म्हणून आला. पण आमच्या बेरजेने नललाही आकडा करून टाकलं.

ठरलं ते असं: गेटवेमध्ये दुरुस्ती मिळवण्याआधी कच्चा आकडा खरोखर आकडा आहे का ते नंबर.इझफायनाइटने तपासायचं. याच नावाचं जे जुनं जागतिक फंक्शन आहे ते नाही, कारण ते आधी आकडा करून मग तपासतं आणि नलला पास करतं. उणे १२७ दिसलं की तुटलेला, चालू झाल्याबरोबर आलेलं ८५ दिसलं की पुन्हा वाच.

१० फेब्रुवारी, सोमवार

गेटवेचा नवा कोड चाचणीच्या खोलीत चढवला. संध्याकाळी सर्व्हर पडला. लॉगमध्ये तोच नेहमीचा संदेश, नलमधून फील्ड वाचता येत नाही. आमच्याच तपासणीत भोक होतं: मूल्याचा प्रकार सांगणाऱ्या टाइपऑफचं उत्तर ‘ऑब्जेक्ट’ (फील्डांचा गठ्ठा) आलं की आत शिरून फील्ड वाचा. टाइपऑफ नलचं उत्तरही ‘ऑब्जेक्ट’ येतं.

याचं कारण १९९५ मध्ये आहे. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये दहा दिवसांत भाषेचा पहिला नमुना उभा केला. त्यात प्रत्येक मूल्याच्या खालच्या काही बिटांत त्याचा प्रकार लिहिलेला असे, आणि ऑब्जेक्टची खूण होती सगळे शून्य. नल म्हणजे यंत्राच्या पातळीवरचा रिकामा पॉइंटर, त्याचेही सगळे बिट शून्य. टाइपऑफने बिट बघितले आणि ऑब्जेक्ट म्हणून सांगितलं. पुढे हे दुरुस्त करायचा प्रस्ताव आला होता. पण तोवर जगभरच्या पानांचा कोड या उत्तरावर विसंबला होता, म्हणून तो मागे पडला. आमच्या तपासणीत आता नलची अट आधी, टाइपऑफ नंतर.

नल रेफरन्स, म्हणजे कशाकडेच न नेणारा संदर्भ, त्याहूनही जुना. टोनी होअर यांनी तो १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत आणला, कारण करायला अगदी सोपा होता. २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मला यात त्यांचा प्रामाणिकपणा मोठा वाटतो. पण एक मुद्दा माझ्या मनात राहतो. बहुतेक भाषांनी एक नल घेतला, जावास्क्रिप्टने दोन, आणि तरीही आमच्या खोलीत ‘नसण्या’चे किमान तीन प्रकार आहेत. एका नलने भागत नाही हे खरंच, पण दोननेही भागत नाही. कारण नल किंवा अनडिफाइन्ड यांपैकी कुणीच ‘का नाही’ ते सांगत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डेटाबेस सांभाळणाऱ्या मैत्रिणीबरोबर अख्खा दिवस. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस.

सुरुवात तिच्या एका प्रश्नाने झाली. “काल ज्या खोल्यांनी काहीच पाठवलं नाही त्यांची यादी रोज सकाळी निघते ना? तिच्यात शेवटची खोली कधी आली होती?” बघितलं तर तीन आठवडे यादी रिकामी. आम्ही सगळे ती रिकामी यादी बघून खूश होतो.

क्वेरी अशी: ज्या खोल्यांचा क्रमांक कालच्या वाचनांतल्या क्रमांकांमध्ये ‘नॉट इन’ आहे त्या द्या. वाचायला अगदी सरळ. पण तीन आठवड्यांपूर्वी एक नवा गेटवे जोडला गेला आणि त्याला खोली नेमून द्यायची राहिली. त्याच्या वाचनांत खोलीचा क्रमांक नल.

एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, नल म्हणजे ‘माहीत नाही’. आता विचार करायचा की खोली ७ या यादीत नाही का. यादीत आहेत ३, ५ आणि एक माहीत नसलेली. ती माहीत नसलेली खोली ७ असूही शकते. म्हणून ‘नाही’ असं ठामपणे म्हणता येत नाही, उत्तर ‘अज्ञात’. ओळी निवडणाऱ्या व्हेअरच्या अटीला फक्त ‘खरं’ चालतं, अज्ञात चालत नाही. असं यादीत नसलेल्या प्रत्येक खोलीचं होतं, आणि यादी कायम रिकामी. एका नलने संपूर्ण पहारा बंद पाडला. क्वेरी ‘नॉट एक्झिस्ट्स’ने लिहिली आणि चालवली, दोन खोल्या लगेच वर आल्या. एकीत जाऊन बघितलं तर गेटवेची वायर सैल.

त्यानंतर तिने चेकची, म्हणजे ओळ साठवण्याआधी तपासली जाणारी, अट दाखवली. तापमान उणे ४० ते ६० मध्येच असावं अशी अट आम्ही टेबलाला लावली आहे. मी धरून चालले होते की त्यामुळे नल अडेल. अडत नाही. व्हेअर अज्ञातला बाहेर ठेवतं आणि चेक अज्ञातला आत घेतं. चेक फक्त ‘खोटं’ ठरलं तरच अडवतं. एकच अज्ञात, दोन दारांवर दोन वेगळे न्याय. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून पुढे या टेबलावर काम करणाऱ्यासाठी इथे स्पष्ट लिहून ठेवते.

नोंद दुहेरी होऊ न देणाऱ्या युनिकच्या अटीचंही तसंच. खोली आणि वेळ मिळून एकच नोंद असावी, तरी त्या बेवारस गेटवेच्या नोंदी दुहेरी-तिहेरी झाल्या होत्या, कारण एक नल दुसऱ्या नलच्या बरोबर धरला जात नाही. पोस्टग्रेस १५ पासून, म्हणजे २०२२ पासून, नलही एकसारखे धरायला सांगता येतं. आम्हाला त्याची गरज नाही, खोलीचा कॉलम ‘नॉट नल’ करून टाकला. खोली नेमल्याशिवाय गेटवे काही पाठवूच शकणार नाही.

एव्हीजी मात्र नल गाळून सरासरी काढतं, आमच्या जावास्क्रिप्ट कोडपेक्षा शहाणपणाने. फक्त किती गाळले ते सांगत नाही. यापुढे सरासरीशेजारी ‘२८८ पैकी किती’ हा आकडा छापल्याशिवाय सरासरी दाखवायची नाही. १९२ दिसलं की माणूस विचारेल.

जेवताना तिने सांगितलेली एक गोष्ट मनात घर करून राहिली. रिलेशनल मॉडेल मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी १९९० च्या त्यांच्या पुस्तकात नलच्या जागी दोन खुणा सुचवल्या होत्या. एक, मूल्य असायला हवं पण हाती नाही. दुसरी, इथे मूल्य लागूच होत नाही. एसक्यूएलने त्या घेतल्या नाहीत. आपल्या टेबलात आपण ते स्वतः करायला कोण अडवतंय, असं ती म्हणाली. खरं आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

छोटं काम. मर्यादा वाचताना जागोजागी || लावलेलं होतं: खोलीची मर्यादा किंवा ८. एका खोलीची वरची मर्यादा मुद्दाम ० ठेवली आहे. || ला शून्य म्हणजे काहीच नाही असं वाटतं, म्हणून त्या खोलीला ८ लागू झाली होती. सगळीकडे ?? केलं. ते फक्त नल आणि अनडिफाइन्डवरच उजवीकडे जातं, शून्याला, रिकाम्या स्ट्रिंगला आणि ‘खोटं’ला हात लावत नाही. २०२० पासून भाषेत आहे. सतरा जागा बदलल्या.

?. (डावीकडे काही नसेल तर न पडता अनडिफाइन्ड देणारं चिन्ह) मात्र सर्रास पेरायचं नाही असं सांगून ठेवलंय. ते अपघात टाळतं आणि त्याच वेळी अपघाताची जागा लपवतं. खोली असलीच पाहिजे अशा ठिकाणी खोली नसेल तर कोड तिथेच पडू दे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सेटिंगच्या फॉर्मवरून तक्रार: एकाने फक्त खोलीचं नाव बदललं आणि गजर बंद झाला.

फॉर्म सगळी फील्ड पाठवतो. रिकामी असतील ती नल म्हणून. त्या माणसाच्या स्क्रीनवर मर्यादेचं फील्ड अजून भरून आलं नव्हतं, तोवर त्याने जतन केलं. सर्व्हरला मर्यादा नल मिळाली, त्याने ती पुसली. सर्व्हरच्या बाजूने बघितलं तर त्याचं चुकलं नाही. जेसन मर्ज पॅचचा, म्हणजे फक्त बदल पाठवायच्या पद्धतीचा, ठराव आहे, आरएफसी ७३९६, २०१४ चा: फील्ड पाठवलं नाही तर आहे तसं ठेवा, नल पाठवलं तर काढून टाका. नसणं आणि नल यांचा असा उघड फरक करणारा नियम मला आवडतो. आमच्या फॉर्मला तो माहीत नव्हता.

उलटी चूकही निघाली. ‘मर्यादा काढा’ या बटणाच्या कोडने त्या फील्डमध्ये अनडिफाइन्ड भरलं होतं. जेसन करताना फील्ड गळालं, सर्व्हरला काही बदल दिसला नाही, मर्यादा जागच्या जागी. बटण दाबून काही होत नाही म्हणून लोक दोन-दोनदा दाबत होते.

आता फॉर्म फक्त हात लागलेली फील्ड पाठवतो. काढायचं असेल तर स्पष्ट नल. आणि लशींच्या खोलीची मर्यादा पुसताच येणार नाही, फक्त बदलता येईल.

डीफॉल्ट पॅरामीटरचीही, म्हणजे काही न दिल्यास फंक्शनने धरायच्या मूल्याचीही, हीच गत. फंक्शनला अनडिफाइन्ड दिलं तर डीफॉल्ट लागू होतं, नल दिला तर नल जसाच्या तसा आत जातो. तीन फंक्शनांत हे धरलेलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टला प्रकारांची तपासणी जोडणाऱ्या भाषेत, स्ट्रिक्ट नल चेक्स चालू केलं. ही सोय २०१६ मध्ये २.० आवृत्तीत आली, आमचा प्रकल्प ती बंद ठेवून चालला होता. ती नसली की प्रत्येक प्रकारात नल आणि अनडिफाइन्ड न सांगता सामावतात, आणि कंपायलर गप्प राहतो. दीडशेच्या वर चुका आल्या. उद्गारचिन्ह (‘इथे नल नसतो’ अशी कंपायलरला दिलेली हमी) लावून त्या दाबायच्या नाहीत, प्रत्येक ठिकाणी थांबून ‘इथे नसू शकतं का, नसलं तर काय’ याचं उत्तर लिहायचं, असं ठरवलं. वेळ लागेल.

सोबत एक्झॅक्ट ऑप्शनल प्रॉपर्टी टाइप्सही चालू केलं. त्यामुळे ‘फील्ड नाही’ आणि ‘फील्डमध्ये अनडिफाइन्ड आहे’ हे वेगळे धरले जातात. सोमवारचं बटण याने लिहितानाच पकडलं असतं.

प्रकार मात्र कोड चालताना नसतात. गेटवेकडून आलेला जेसन काय घेऊन येईल ते कंपायलरला कळत नाही. म्हणून सर्व्हरच्या उंबरठ्यावर एकच फंक्शन, जे प्रत्येक संदेश उघडून तपासतं. आत गेल्यावर पुन्हा कुणी शंका घ्यायची नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रचना ठरली. वाचनाच्या टेबलात तापमान हा कॉलम आहेच, त्याशेजारी ‘कारण’ हा नवा कॉलम. कारणं चार: सेन्सर तुटलेला, सेन्सर गप्प, काम चालू, आकडा पल्ल्याबाहेर. अट अशी की तापमान नल आणि कारण नल यांपैकी नेमकं एकच खरं असलं पाहिजे. ‘इझ नल’चं उत्तर कधीच अज्ञात येत नाही, नेहमी खरं किंवा खोटं, म्हणून हा चेक १२ तारखेच्या चेकसारखा फसत नाही.

एक प्रश्न उरला होता. गेटवेच बंद पडला तर ओळच येत नाही, आणि न आलेली ओळ स्वतःचं कारण सांगू शकत नाही. त्यासाठी जनरेट सिरीजने दिवसाच्या २८८ वेळा तयार करायच्या आणि वाचनांना लेफ्ट जॉइन (जुळणारं वाचन नसलं तरी वेळ राखणारी जोडणी) लावायचा. ओळ नसेल तिथे तापमानही नल, कारणही नल. टेबलात अशी ओळ असूच शकत नाही, अटच आहे. म्हणून जोडणीनंतर दोन्ही नल दिसले की समजायचं: काहीच आलं नाही.

मैत्रीण म्हणाली, “बघ, नल तोच, पण आता तो एकच अर्थ सांगतो.”

टाइपस्क्रिप्टमध्येही तीच मांडणी: वाचन एकतर ‘मोजलं’ आणि सोबत आकडा, नाहीतर ‘नाही’ आणि सोबत कारण. आकडा हवा असेल तर आधी कोणतं ते विचारावंच लागतं. मॅथ.मॅक्सला संपूर्ण वाचन देऊन बघितलं, कंपायलरने अडवलं.

गजराचा नियमही बदलला. सलग तीन वाचनं नसतील तर तापमानाच्या गजरापेक्षा वेगळा आवाज: ‘खोली दिसत नाही’.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आलेखात नलच्या दोन्ही बाजूंचे बिंदू सरळ रेघेने जोडले जात होते. आठ तासांची ती रेघ बघून वाटतं की खोली सबंध रात्र ५ अंशांवर शांत होती, आणि ते कुणीही मोजलेलं नाही. रेघ तोडली. मधली जागा राखाडी पट्ट्याने दाखवली, पट्ट्यावर कारण.

जोडीला तारखेची दुरुस्ती. कधीच तपासणी न झालेल्या सेन्सरपुढे ‘१ जानेवारी १९७०’ दिसत होतं. तारखेला नल दिला की शून्य होतं, आणि शून्य म्हणजे तो दिवस. आता ‘तपासणी बाकी’.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चाचणीच्या खोलीत शेवटची परीक्षा. फर्मवेअरवाला सहकारी आत, मी स्क्रीनसमोर. ११:२० चं वाचन ४.४ आलं. त्याने सेन्सरची वायर ओढली. ११:२५ ला स्क्रीनवर: ‘वाचन नाही. सेन्सर तुटलेला. शेवटचं ४.४, ११:२० ला.’ किमान ३.९, कमाल ५.१, दोन्ही जागच्या जागी. वायर परत जोडली, पहिलं आलेलं ८५ गेटवेने टाकलं आणि पुन्हा वाचलं, ११:३० ला ४.६.

मग गेटवेची वीजच काढली. पाच मिनिटं काही नाही, दहा मिनिटं काही नाही. पंधराव्या मिनिटाला वेगळा आवाज वाजला. आतून तो ओरडला, “वाजला का?” वाजला.

जुन्या नोंदींचं काम असं केलं. ३० दिवसांतल्या ज्या ०.३ आणि उणे ०.२ कच्च्या लॉगवरून खोट्या ठरल्या त्यांचं तापमान नल करून कारण लिहिलं. त्याआधीच्या ओळी पुसल्या नाहीत आणि बदलल्याही नाहीत. त्यांच्यावर ‘संशयास्पद’ अशी खूण, आणि त्यांवरून निघालेल्या प्रत्येक अहवालाच्या वर त्या महिन्यात अशा किती ओळी आहेत तो आकडा. ज्यांना ते अहवाल गेले त्यांना सोमवारी कळवायचं आहे, मजकूर तयार आहे.

राहिलेलं: जुने दोन गेटवे बदलणे. स्ट्रिक्टच्या ३८ चुका अजून उघड्या.